दोन नंबरचा व्हॉल्व्ह

पहिला अपमान दिव्याने केला.

नायफने दोह्याहून आईसाठी खोकं भरून शहाण्या वस्तू पाठवल्या होत्या. एक दिवा, दाराचं एक कुलूप, गच्चीवरच्या टाकीला लावायचा मोटरवाला व्हॉल्व्ह, आणि या सगळ्यांवर देखरेख करायला पंजाएवढी एक पांढरी डबी. या आईला, फिद्दाला, चढावरचा अख्खा मोहल्ला तोंडावर हाज्जा म्हणतो, कारण ती हजला जाऊन आलीय, किंवा उम्म नायफ, म्हणजे नायफची आई, म्हणतो, आणि पाठीमागे काय म्हणतो ते तिने कधी थांबून ऐकलेलं नाही. खोकं आल्यावर तिने काय करावं? जिन्यातल्या सगळ्या शेजारणींना बैठकीत बसवलं, कॉफी फिरवली, मोबाईल तोंडाशी धरला आणि ज्या आवाजात तिने दिवंगत नवऱ्याला चाळीस वर्षं वागवलं त्या आवाजात हुकूम सोडला, "दिवा लाव!"

दिवा ढिम्म. पण दाराचं कुलूप खाडकन बंद झालं आणि पाहुण्या आत कोंडल्या गेल्या.

"हे असंच असतं का?" तळमजल्यावरची उम्म लुआय म्हणाली. ही बाई प्रत्येक गोष्टीवर सल्ला देते, आणि सल्ला संपला की दुसरा देते. "माझ्या नणंदेकडचं धुण्याचं मशीन असंच करायचं. त्याला पाठीत बुक्की घातली की वळणावर यायचं. घाला बुक्की."

मधल्या मजल्यावरच्या इन्साफने पेला खाली ठेवला. उठली, भिंतीवरचं बटण दाबलं. दिवा लागला. मग कुलपाची कडी हाताने फिरवली. दार उघडलं. पुन्हा येऊन जागेवर बसली आणि कॉफी प्यायला लागली.

फिद्दाला हे अजिबात आवडलं नाही. मदत करावी माणसाने, पण इतकी सहज करू नये.

रात्री तिने नायफला फोनवर फैलावर घेतलं. तो म्हणाला, "यम्मा, यात चूक कुणाचीच नाही. या वस्तूंच्या बोली वेगवेगळ्या असतात. दिवा एक बोली बोलतो, कुलूप दुसरी, व्हॉल्व्ह तिसरी. एकाला दुसऱ्याचं कळत नाही. डबीला सगळ्या बोली येतात. ती याचं ऐकते आणि त्याला सांगते."

"म्हणजे उम्म लुआय."

"तीच. फक्त डबी पदरचं काही घालत नाही. आता नीट ऐक. नवी वस्तू आणलीस की डबीचं दार उघडायचं, म्हणजे तिच्यावरचं बटण दाबायचं. निळा दिवा लुकलुकेल. नवी वस्तू हाक मारेल, डबी ऐकेल, आणि तुला मोबाईलवर विचारेल, कुणीतरी दाराशी आलंय, आत घेऊ का? हो म्हणायचं. की लगेच दार लावून टाकायचं. लावायला विसरू नकोस, यम्मा."

फिद्दाने सगळं ऐकलं, शेवटचं वाक्य सोडून. ते तिने ऐकलंच नाही असं नाही. ते तिला पटलं नाही. तिच्या सासऱ्याच्या घराला दार होतं, पण ते लावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आलेल्या माणसाला तीन दिवस नावसुद्धा विचारायचं नाही, आधी जेवू घालायचं, असं ते घराणं. आणि आता या घराण्याच्या सुनेने एका डबीचं दार लावून, आत कडी घालून बसायचं? निळा दिवा लुकलुकत राहिला. फिद्दाला तो शोभिवंत वाटला. येणाऱ्या जाणाऱ्याला ती तो दाखवायची.

दिवा आणि कुलूप यांचं तिच्याशी जमलं नाही ते नाहीच. पण व्हॉल्व्हशी जमलं. कारण तो पाण्याचा होता.

त्या चढावर पाणी मंगळवारी येतं. सकाळी सरकारी पाइपातून धापा टाकत गच्चीपर्यंत चढतं, ज्याच्या त्याच्या टाकीत जमेल तेवढं पडतं, आणि दुपारनंतर दम लागून खाली बसतं. त्या एका दिवसाच्या पाण्यावर आठवडा काढायचा. म्हणून मंगळवार म्हणजे मंगळवार. त्या दिवशी कुणी लग्न ठरवत नाही, कुणी आजारी पडत नाही. नायफचा व्हॉल्व्ह टाकी भरली की आपण होऊन बंद व्हायचा, रिकामी झाली की उघडायचा, आणि मोबाईलवर नळाचं छोटंसं चित्र निळं किंवा करडं व्हायचं. आता गच्चीवर धापा टाकत चढायचं ते फक्त पाण्याने. फिद्दाने नाही.

ही कौतुकं ऐकून इन्साफच्या नवऱ्यालाही हुक्की आली. अबू रकान शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी बाजारात जाऊन तसलाच व्हॉल्व्ह आणला. पण आणला तो नुसता व्हॉल्व्ह. डबी आणलीच नाही, कारण दुकानदार म्हणाला, मोबाईल आहे ना, मग डबी कशाला. घरी येऊन प्लंबरकडून तो टाकीला बसवून घेतला आणि मोबाईल पुढे धरून गच्चीवर उभे राहिले. व्हॉल्व्ह आपल्या बोलीत हाका मारत होता, मोबाईल आपल्या बोलीत. दोघांचं एकमेकांना ओ की ठो कळत नव्हतं. मास्तरांनी व्हॉल्व्हवरचं बटण दाबून धरलं. सोडलं. पुन्हा दाबलं. ऊन तापलं तसे ते वैतागले, आणि खाली येऊन बायकोला म्हणाले, "मरू दे. साधा नळ समज. उघडा ठेवलाय."

त्याच दुपारी फिद्दाचा मोबाईल शीळ वाजवून उठला. पडद्यावर नळाचं चित्र आणि त्याखाली एक ओळ. फिद्दाची शाळा दुसरीतच सुटली होती, पण अक्षर लावून लावून तिला एवढं समजलं की कुणीतरी दाराशी आलंय आणि आत येऊ का विचारतंय.

उंबऱ्यावर आलेल्याला परत पाठवायचं? तिने लगेच हो वर बोट ठेवलं.

आता मोबाईलवर दोन नळ दिसायला लागले. फिद्दाने विचार केला, आणि तिचा विचार एकदा झाला की तो बदलायला कुणी धजत नाही, ती स्वतःसुद्धा नाही. गच्चीवर तिच्या दोन टाक्या होत्या. एक मोठी, आणि एक सोलरची, गरम पाण्याची. तेव्हा एक नंबर मोठीचा आणि दोन नंबर सोलरचा. सरळ होतं. पोराने गुपचूप दोन्हीची सोय केली आणि आईला सांगितलंही नाही. किती गुणी!

मग तिने आपल्या डोक्याने एक व्यवस्था लावली. सोलरची टाकी काय, मोठीतून उतरत्या पाण्यानेही भरते. मग मंगळवारी सकाळी दोन नंबर बंद करायचा, म्हणजे सगळा जोर एक नंबरला. संध्याकाळी दोन नंबर पुन्हा उघडायचा. झालं. पहिल्याच मंगळवारी तिची टाकी इतकी भरली की तिने आनंदाने अख्खा जिना धुतला. वरून नळी सोडली आणि रबरी झाडूने पाणी ढकलत ढकलत खाली आली. पाणी पायऱ्या उतरत इन्साफच्या दारापाशी आलं तेव्हा इन्साफ दारात उभी होती.

"हाज्जा, तुमच्याकडे पाणी आलं?"

"आलं म्हणजे! तुला दिसत नाही?"

"आमच्या टाकीत टिपूस नाही."

"मग पाय भिजवून घे," फिद्दा म्हणाली आणि स्वतःच्या विनोदावर पोट धरून हसली.

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. मास्तर रोज वर जाऊन पाहायचे तर व्हॉल्व्ह छान उघडा, आणि टाकी छान कोरडी. मंगळवारी सकाळी मात्र ते वर जाऊ शकत नव्हते, कारण त्या सकाळी गच्चीवर बायकांचं धुणं असतं, डोक्यावरचे रुमाल सुटलेले असतात, तिथे पुरुषाने पाऊल टाकायचं नसतं. इन्साफचे गुडघे जिन्याला राजी नव्हते. धुणाऱ्या बायकांचं लक्ष आपापल्या बादल्यांवर. तेव्हा मंगळवारी सकाळी तो व्हॉल्व्ह काय करतो ते पाहायला देवाशिवाय कुणी नव्हतं.

सल्ल्यांची मात्र कमतरता नव्हती. उम्म लुआय म्हणाली, दृष्ट लागलीय, टाकीला निळा मणी बांधा. बांधला. प्लंबर म्हणाला, पाइपात चुना साचलाय. पाइप बदलला. भाचा म्हणाला, कबुतराचं घरटं अडकलं असेल. नवाच पाइप पुन्हा उघडला. मास्तरांनी पाणी कचेरीला फोन लावला.

"मीटर फिरतं का?" तिकडून विचारलं.

"फिरत नाही."

"म्हणजे मीटर बिघडलं."

"अहो, पाणीच येत नाही, मग ते कशाला फिरेल?"

"ते पाणी आल्याशिवाय कसं सांगणार? ज्या दिवशी पाणी येईल त्या दिवशी फोन करा, माणूस पाठवतो."

मास्तरांनी आयुष्यभर पोरांना तर्कशास्त्र शिकवलं होतं. त्यांनी फोन ठेवला.

आणि इन्साफ बादली घेऊन वर यायला लागली.

इथे फिद्दाचं खरं रूप खुललं. पाणी ती देत होती. नाही म्हणायची तिची जातकुळीच नव्हती. पण नुसतं पाणी देऊन भागायचं नाही, त्यावर चार शब्द घातल्याशिवाय तिला ते अळणी वाटायचं.

"घे गं, घे. आमची टाकी वाहतेय. तुझ्याकडे नळ बंद करायची पद्धत आहे ना? नाही, विचारलं."

"आहे, हाज्जा."

"पाणी जपायला डोकं लागतं. शाळेचा दाखला नाही लागत."

हे शेवटचं मास्तरांसाठी होतं, आणि ते जिन्यातून खाली त्यांच्यापर्यंत पोचेल इतपत मोठ्याने होतं. इन्साफ बादली उचलायची, एका हाताने कठडा धरायची, आणि पायरी पायरीने खाली जायची. वर्षानुवर्षांची शेजारीण. फिद्दाच्या बाळंतपणात तिनेच पहिलं पाणी तापवलं होतं. पण फिद्दाला त्या दिवसांत ते आठवत नव्हतं. भरलेल्या टाकीचा माणसाच्या आठवणीवर असाच काहीसा परिणाम होतो.

एवढ्यात फिद्दाच्या धाकट्या मुलीचं, हनादीचं, लग्न जमलं. मुलगा सल्त गावचा, घराणं मोठं. शुक्रवारी त्यांची जाहा येणार, म्हणजे त्यांच्याकडची वडीलधारी माणसं रांगेने येऊन बैठकीत बसणार, त्यांच्यातला मोठा कॉफीचा पेला हातात घेणार, आणि न पिता समोर ठेवणार. आमचं मागणं मान्य झाल्याशिवाय घोट घेणार नाही, असा त्याचा अर्थ. मग मुलीकडच्या थोरामोठ्याने उठून शोभेल असं बोलायचं, आणि शेवटी म्हणायचं, प्या तुमची कॉफी. ते बोलणं जिल्ह्यात महिनाभर फिरतं. चुकलं तर वर्षभर.

फिद्दाचा नवरा गेलेला. नायफला रजा लग्नाचीच मिळणार होती. राहिला दीर. तो इतका भाबडा की कॉफी यायच्या आधीच "घेऊन जा पोरीला" म्हणून मोकळा व्हायचा. म्हणून फिद्दाने महिन्यापूर्वीच अबू रकानना गळ घातली होती. त्या चढावरच्या निम्म्या मुलींचं उत्तर त्यांनीच दिलेलं. ते उभे राहिले की सल्तवाल्यांचीही मान लवायची. हनादीला त्यांनी खांद्यावर खेळवलं होतं. ते हो म्हणाले होते.

रविवारी जिन्यातच बायका द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळायला बसल्या होत्या. इन्साफ बादली घेऊन आली. आज तिची मान जरा जास्तच खाली होती.

"हाज्जा, अर्धीच द्या. यांना नमाजाआधी हातपाय धुवायचेत."

फिद्दाच्या भोवती बायका होत्या, शुक्रवार जवळ आला होता, आणि जिभेला खाज सुटली होती. "शुक्रवारी माझ्या दारात सल्तची मोठाली माणसं येणार," ती म्हणाली. "त्यांना सांगू का, थांबा जरा, आधी आमच्या मास्तरांचं तोंड धुऊन होऊ दे?"

बायका हसल्या. उम्म लुआय तर पान सोडून हसली.

इन्साफने बादली पायरीवर ठेवली. रिकामीच. आणि खाली निघून गेली. पायऱ्या उतरताना तिने या वेळी कठडाही धरला नाही.

संध्याकाळी निरोप आला. अबू रकानची शुक्रवारी प्रकृती बरी नसेल.

"रविवारीच शुक्रवारचा ताप कळला?" फिद्दा हनादीवर ओरडली. "मी पाणी दिलं, पाणी! आणि तोंड यांनी फिरवायचं? असे फेडले उपकाराचे पांग!"

हनादी म्हणाली, "यम्मा, तू पाणी दिलंस, पण घोटाघोटाला उष्टं करून दिलंस." आणि आत जाऊन रडली. शुक्रवारी काका उठून बोलणार, या विचारानेच रडण्यासारखं होतं.

फिद्दाने कुनाफाच्या मिठाईचं मोठं ताट खाली पाठवलं. ते तसंच परत आलं, वरचा पिस्तासुद्धा न हललेलं. मग मात्र तिला चिंता लागली. तिला वाटलं होतं, दुखावली गेलीय ती आपण. दोन घरं एकाच वेळी दुखावली की आधी कुणी जिना चढायचा, हा फार अवघड प्रश्न आहे, आणि तो सोडवायला मास्तरच हवे होते.

मंगळवार उजाडला. फिद्दा गच्चीवर शुक्रवारसाठी गालिचे झटकत होती. नेहमीप्रमाणे तिने सकाळीच दोन नंबर बंद केला होता. नायफचा फोन आला.

"यम्मा, मी इथून तुझी डबी बघतोय. शुक्रवारी पाणी कमी पडायला नको म्हटलं. पण इथे दोन व्हॉल्व्ह कसे दिसतायत?"

"एक मोठ्या टाकीचा, एक सोलरचा."

"सोलरचा कुठला? मी एकच पाठवला होता."

फिद्दाने हातातलं दांडकं खाली ठेवलं.

"थांब, मी इथून दोन नंबर उघडतो," नायफ म्हणाला. "तू बघ, कुठे आवाज येतो."

दोह्यात बसलेल्या पोराने बोट लावलं आणि गच्चीवर कुठेतरी बारीकशी मोटर गुरगुरली. तिच्या मोठ्या टाकीपाशी नाही. सोलरपाशी नाही. गच्चीच्या त्या कोपऱ्यात, जिथे निळा मणी उन्हात डोलत होता. मग पाण्याचा आवाज आला. आधी पाइपाने खाकरून घेतलं, आणि मग इन्साफच्या कोरड्या टाकीच्या तळावर पाणी असं आदळलं की गच्चीवरची कबुतरं उडाली.

"यम्मा? आला का आवाज? यम्मा?"

फिद्दा गालिच्यावर खाली बसली.

नायफने सगळा उलगडा केला. कुणाचा तरी व्हॉल्व्ह डबी शोधत हाका मारत होता, तुझ्या डबीचं दार सताड उघडं होतं, आणि तू हो म्हणालीस. "काळजी करू नकोस. मी इथूनच त्याला काढून टाकतो. तो पुन्हा साधा नळ होईल. कुणाला काही कळणार नाही."

"कुणाला कळणार नाही," फिद्दा म्हणाली.

तिला कळलं होतं, ही एवढीच अडचण होती. दर मंगळवारी सकाळी ती स्वतःच्या बोटाने शेजारणीच्या तोंडचं पाणी तोडत होती. मग तेच पाणी बादलीत घालून तिला दान करत होती. दान करताना तिच्या नवऱ्याला नावं ठेवत होती. आणि उरलेल्या पाण्याने जिना धुऊन, ते तिच्याच दारावरून वाहवत होती. चोराने चोरी करून वर उपदेश केला, असं तिने आजवर फक्त ऐकलं होतं.

दुपारपर्यंत इन्साफची टाकी भरली. जिन्यात आनंदीआनंद झाला. उम्म लुआयने दारोदार जाऊन सांगितलं की निळ्या मण्याला वेळ लागतो, पण गुण येतो. दोन बायकांनी तर आपापल्या टाक्यांसाठी मणी मागवलेही. सगळं आपोआप मिटत होतं. फिद्दाने फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं तिला आयुष्यात पहिल्यांदा इतकं जड गेलं की रात्री तिने भाताचं ताट तसंच बाजूला सरकवलं.

बुधवारी ती खाली गेली. ठरवून गेली होती की बोलण्याची माफी मागायची. जिभेची माफी मागता येते, जीभ सगळ्यांना असते. बोटाचं काही सांगायचं नव्हतं.

इन्साफने दार उघडलं, आत घेतलं. रागावलेली असली तरी दाराशी आलेल्याला कॉफी द्यायची असते. ती कॉफी घेऊन आली. फिद्दाने पेला घेतला आणि समोरच्या तिपाईवर ठेवला. प्यायली नाही.

इन्साफने पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हे काय, हाज्जा? माझ्या घरात तर लग्नाची मुलगीही नाही."

"मागणं घेऊन आलेय. मान्य झाल्याशिवाय पिणार नाही."

आतल्या खोलीत मास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र सळसळायचं थांबलं.

"रविवारी मी जे बोलले," फिद्दाने सुरुवात केली.

"नको, हाज्जा." इन्साफ एकदम तिच्या शेजारी बसली. "मीच सांगायला येणार होते. तुम्ही बोललात ते बोललात, पण इतके दिवस पाणी तुम्हीच दिलंत. दुसऱ्या कुणी दिलं असतं? मी बादली टाकून आले, कुनाफा परत पाठवला. माझंच चुकलं. काल टाकी भरली तेव्हा हे म्हणाले, ज्या बाईने अडीअडचणीला पाणी दिलं तिच्याशी आपण असं वागलो. मला माफ करा."

आणि तिने फिद्दाचा हात हातात घेतला. नेमकं तेच बोट.

फिद्दाच्या कानापासून मानेपर्यंत आग पसरली. शिवी ऐकून घेणं सोपं असतं. तिला उलट शिवी देता येते. पण हे ऐकून घेणं? तिला वाटलं, या क्षणी गच्चीवरची टाकी फुटावी आणि सगळी इमारत वाहून जावी.

"हात सोड," ती म्हणाली. "ते पाणी तुझंच होतं."

मग तिने सांगितलं. डबीचं दार, हो वर ठेवलेलं बोट, मंगळवारची सकाळ, दोन नंबर. काही गाळलं नाही. गाळायचं मनात आलं तेव्हा तिने पेल्याकडे पाहिलं.

इन्साफने तिचा हात सोडला. "म्हणजे मण्याचं काही नाही?"

"नाही."

"पाइप बदलला, तोही..."

"चांगला होता."

"आणि मी बादली घेऊन तीस पायऱ्या चढायचे."

फिद्दाने हो म्हटलं, वर चार शब्द न घालता. हेही आयुष्यात पहिल्यांदा.

इन्साफ उठली. स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला. पेल्यातली कॉफी निवून गेली तरी ती बाहेर आली नाही. आली तेव्हा तिने हात पुसले आणि म्हणाली, "हाज्जा, तुम्ही मला जे बोललात ते जिन्यात बोललात. मी ते जिन्यात ऐकलं. मला हे बंद दाराआड कशाला सांगताय?"

फिद्दाला समजलं.

ती उठली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. हाक मारायची गरज पडली नाही. त्या जिन्यात एकीचं दार उघडलं की बाकीची आपोआप उघडतात. ज्या पायरीवर रविवारी बादली ठेवली होती त्याच पायरीवर उभी राहून फिद्दाने सगळं पुन्हा सांगितलं. तिचा आवाज, जो खालच्या रस्त्यावर भाजीवाल्याला थांबवायचा, तो उम्म लुआयलाही नीट ऐकू येईना.

"मोठ्याने बोला, हाज्जा. पाणी कुणी तोडलं?"

"मी."

"कुणाचं?"

"इन्साफचं. आणि मग तिलाच दिलं. आणि वर..." तिने कठडा धरला. "मास्तरांना बोलले."

 मग उम्म लुआय म्हणाली, "ते असू दे. पण या कबुलीला तुम्हाला बुद्धी कुणी दिली? मण्यानेच ना?" मण्याचं श्रेय ती सोडायला तयार नव्हती, आणि फिद्दाला या वेळी तिच्याशी वाद घालण्याचं बळ नव्हतं. ज्या बायका रविवारी हसल्या होत्या त्या आता खाली बघत होत्या. त्यातल्या एकीचे ओठ थरथरत होते, रडण्याने नव्हे. फिद्दाने ते पाहिलं आणि सोसलं.

"या आत," इन्साफ दारातून म्हणाली. "कॉफी प्या तुमची."

कॉफी थंडगार झाली होती, तळाला गाळ बसला होता, आणि इतकी कडू की डोळ्यांत पाणी आलं. फिद्दाने एका घोटात संपवली. पेला हलवून परत दिला असता तर पुरे, असा अर्थ झाला असता. तिने तो न हलवता तसाच पुढे धरला. इन्साफने दुसरा ओतला. तोही थंडच. तोही ती प्यायली.

आतून मास्तरांचा आवाज आला, "इन्साफ, शुक्रवारचा ताप उतरल्यासारखा वाटतोय."

शुक्रवारी सल्तची माणसं आली. गाड्यांनी अख्खा चढ भरला. बैठकीत पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याने पेला हातात घेतला, हनादीला आपल्या घरासाठी मागितलं, आणि पेला समोर ठेवला. पडद्याआड बायका श्वास रोखून उभ्या होत्या. मुलाकडच्या बायका एका बाजूला, फिद्दा आणि इन्साफ दुसऱ्या बाजूला.

अबू रकान उठले. देवाचं नाव घेतलं, पाहुण्यांच्या पूर्वजांचं नाव घेतलं, हनादीच्या बापाची आठवण काढली. मग ते थांबले. 

"या मुलीच्या आईबद्दल दोन शब्द बोलतो," ते म्हणाले. "माझी टाकी कोरडी पडली होती. शेजार कसा असतो ते मला त्या दिवसांत कळलं. माझ्या घरात जे पाणी आम्ही प्यायलो ते या बाईंच्या हातून आलं. आपली टाकी आणि शेजाऱ्याची टाकी यांत यांनी कधी फरक केला नाही. दाराशी कुणीही येवो, कोण आहेस म्हणून विचारलं नाही. आत घेतलं."

बैठकीत माना डोलल्या. कुणीतरी देवाची स्तुती केली. इन्साफने रुमालाचं टोक तोंडात कोंबलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

"अशा घरची मुलगी तुम्ही मागताय. प्या तुमची कॉफी."

म्हाताऱ्याने पेला उचलून घोट घेतला. पडद्याआड बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या.

फिद्दा किलकारी मारू शकली नाही. जिची मान नवऱ्यापुढे, सासूपुढे, तीर्थयात्रेच्या गर्दीतही कधी खाली गेली नव्हती, ती आज जमिनीकडे बघत उभी होती. तोंड लालबुंद, हात रुमालात लपवलेले. मुलाची आई हळूच आपल्या जावेला कोपराने ढोसून म्हणाली, "बघितलंस? स्वतःची स्तुती ऐकून कशी लाजली. इतकी नम्र विहीण मिळाली, नशीब काढलं बाई आपण."